कोरड्या हवेची खोली

४ फेब्रुवारी

पोचले. स्वतःच्या कुलपाची किल्ली हातात आली. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाने एवढ्यावर हुरळून जाऊ नये, पण मी तीन वेळा दार लावून उघडून पाहिलं. लिहितानाही हसू येतंय.

घर म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढची कामाची, तिला सगळे नोंदखोली म्हणतात. मागची राहायची: पलंग, कपाट, विजेची शेगडी, कोपऱ्यात न्हाणी. खिडक्या चांगल्या रुंद आहेत, पण उघडत नाहीत. चौकटींत रबर भरून पक्क्या बसवल्या आहेत. खाली कोठार आहे आणि त्यातल्या मालाला दमट हवा सोसत नाही, म्हणून. काचेतून समोरच्या टेकडीवरच्या पवनचक्क्या दिसतात. मी सतरा मोजल्या. दादा म्हणाला, अठरा आहेत, एक मागे लपलीय, तुझ्यासारखीच. फोटो काढायची वेळ आली की तू सगळ्यांच्या मागे.

दादा इथला व्यवस्थापक. कॉलेजने विज्ञान शाखा बंद केली तेव्हा बावीस वर्षांच्या नोकरीनंतर माझ्या हातात एक शाल आणि प्रयोगशाळेची जुनी नोंदवही उरली. पुढे काय, हा प्रश्न मी कोणालाच विचारला नव्हता, आणि दादाचा फोन आला. बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि तो एकोणीसचा. त्याने शिक्षण सोडलं म्हणून माझं झालं. आता पुन्हा त्यानेच हात दिला. वशिल्याने मिळालेली नोकरी मनाला टोचते, तसं मी त्याला बोलूनही दाखवलं. त्याने मलाच वेड्यात काढलं. रसायनाची पदवी, मोत्यासारखं अक्षर आणि खोटं लिहायचं म्हटलं तर हात थरथरणार अशी बाई मला कुठे मिळाली असती, म्हणाला. गरज माझी आहे, तुझी नव्हे.

सामान लागलं की पहिलं काम आईला इकडे आणायचं. बाबांनंतर ती दादाकडेच आहे. वहिनी वाईट नाही, पण आईला तिच्या घड्याळावर उठावं लागतं. मुलीकडे जाऊन दुपारपर्यंत लोळायचंय, असं आई गेली दहा वर्षं म्हणतेय, आणि मुलीकडे आजवर लोळायला जागाच नव्हती. ह्या नोकरीचं खरं आकर्षण मला तेच होतं. दादा म्हणाला, आधी तू स्थिरस्थावर हो. जिना उभा आहे, तिचं हृदय नाजूक. घाई कशाला?

५ फेब्रुवारी

कामाचं स्वरूप नीट लिहून ठेवते.

वारा जोरात असला की टेकडीवर गरजेपेक्षा जास्त वीज तयार होते. ती वाया जाऊ नये म्हणून तिच्यावर एका धातूची भुकटी करतात. ती भुकटी हवेतला नायट्रोजन गिळते. मग तिच्या दाबून वड्या पाडतात, साबणाच्या वड्यांसारख्या, पिवळट राखाडी. वारा पडला की वड्यांवर पाणी सोडायचं. त्यातून अमोनिया निघतो आणि त्यावर जनित्र चालतं. थोडक्यात, वारा वडीत बांधून ठेवायचा. इथल्या फिटरच्या भाषेत, लोणच्यासारखा मुरवायचा.

ओली हवा लागली तर वड्या आपोआप तापतात आणि अमोनिया सोडू लागतात. म्हणून कोठारात साधी हवा नाहीच, नुसता कोरडा नायट्रोजन भरलेला. सगळे त्याला ‘कोरडी हवा’ म्हणतात. आत जाणारे पाठीवर हवेची टाकी घेऊन जातात.

माझं काम दिवसातून तीनदा, आठ, एक आणि सहा वाजता, नोंदखोलीतल्या चार तबकड्या वाचून रजिस्टरमध्ये लिहायचं. कोठाराचं तापमान, दाब, ओल आणि चौथी तबकडी माझ्या खोलीतल्या ऑक्सिजनची. हा आकडा २०.९ हवा, बाहेरच्या हवेत असतो तेवढा. शाईने लिहायचं, खोडरबर नाही. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही. नियम मला फार आवडला. विद्यार्थ्यांना मी हेच सांगत आले: चूक झाकायची नाही, दिसेल अशी खोडायची.

माझ्या आधी इथे तात्या नावाचे गृहस्थ होते. डिसेंबरात काम सोडून गेले. विसरायला लागले होते म्हणे. अकरा मार्चला तपासणी आहे, ती पार पडली की कोठाराला पुढच्या पाच वर्षांची परवानगी.

दादा संध्याकाळी येऊन गेला. बस म्हटलं तर उंबऱ्यातूनच परत. साहेब झालास, बहिणीकडे चहाला वेळ नाही, असं मी चिडवलं.

९ फेब्रुवारी

हे घर लाखात एक आहे. परवा ओट्यावर साखर सांडली होती. मुद्दाम पुसली नाही, पाहू म्हटलं. दोन दिवसांत एक मुंगी नाही. डास नाहीत, पाल नाही, कोळ्याचं जाळंही नाही. फिटरला सांगितलं तर तो म्हणाला, मॅडम, तुमच्या दादांच्या परवानगीशिवाय इथे डाससुद्धा येत नाही.

झोपही छान लागते. नऊ-नऊ तास.

आई रविवारी येणार होती. मी उशीला नवा अभ्रा घातला. सकाळी दादाचा फोन, तिला जरा दम लागतोय, पुढच्या रविवारी बघू. मग आईचा फोन. तिला काही दमबिम लागत नव्हता. ती फुरंगटली होती. तुझ्या दादाला वाटतं मी काचेची आहे, म्हणाली.

१५ फेब्रुवारी

डोकं दुखतं. कपाळाच्या मागे, बारीक. चष्म्याचा नंबर वाढला असावा. खाली बाजारात गेले की तासाभरात उतरतं, म्हणजे दुखणं डोक्याचं नाही, एकटेपणाचं आहे, असा निष्कर्ष मी काढला. बावीस वर्षं मुलांच्या गोंगाटात गेली. आता सोबतीला चार तबकड्या.

झोप दहा तासांवर गेली आहे. आळशी झालेय. स्वतःला एवढी सूट देणं बरं नव्हे.

दादाने डोकेदुखीच्या गोळ्या पाठवल्या, दोन पाकिटं. न सांगता. वहिनीने सांगितलं असेल. किती लक्ष असतं त्याचं.

आईचा हाही रविवार हुकला. जिन्याला कठडा बसवल्याशिवाय नको, असं दादाचं म्हणणं.

२१ फेब्रुवारी

आज लाज वाटते आहे. तापमान ओलीच्या रकान्यात लिहिलं. रेघ, सही. मग दुपारची नोंद सकाळच्या ओळीत. रेघ, सही. संध्याकाळी तारीखच चुकले. एका पानावर माझ्या तीन सह्या, तिन्ही चुकांच्या. बावीस वर्षांत माझ्या वहीत एवढी खाडाखोड झाली नव्हती.

ओट्याशी उभी राहून रडले. इतकं रडण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे रडताना कळत होतं, तरी थांबता येईना.

दादाला स्वतःहून सांगितलं. म्हटलं, मी ह्या कामाच्या लायक नाही, दुसरं कोणी बघ. तो जिन्यातूनच हसला. अगं, वय झालं आपलं, मी काल चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधत होतो. मग विचारलं, ऑक्सिजनचा रकाना बरोबर आहे ना? तो बरोबर होता. तो एकच कधी चुकत नाही. रोज तोच आकडा, चुकणार कशी? मग झालं तर, म्हणाला.

त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर माझी बोळवण केली असती.

२६ फेब्रुवारी

न्हाणीतली तांब्याची नळी गळत होती. फिटर ती झाळून बुजवायला आला, गॅसची छोटी बत्ती घेऊन. ती पेटेना. काडी ओढली की फुर्र होई आणि विझे. तीन काड्या. मी म्हटलं, दमट झाल्या असतील. तो बत्ती घेऊन जिन्यात गेला, दार ओढून घेतलं. दाराच्या काचेतून दिसलं: तिथे पहिल्याच काडीला निळी ज्योत सरळ उभी राहिली. तो तिच्याकडे बघत राहिला, मग विझवली.

ह्या माणसाचं तोंड एरवी घटकाभर बंद नसतं. आज हत्यारं गोळा करून निघाला. नळी उद्या करतो, म्हणाला. जाता जाता विचारलं, मॅडम, तुम्ही झोपता पण इथेच? मग स्वतःशीच पुटपुटला की त्याला दोन मुली आहेत. मी विचारलं, कितवीत? तो उतरूनही गेला होता.

नळीखाली बादली लावली आहे.

१ मार्च

बादली भरली. फिटर आला नाही. रजेवर आहे.

सकाळपासून एक विचार छळतो आहे. मी मुलांना नेहमी सांगायची, खरं मोजमाप जरा थरथरतं. जो आकडा कधीच हलत नाही, तो कोणी मोजलेला नसतो. रजिस्टर मागे चाळलं. माझ्या पंचवीस दिवसांच्या पंच्याहत्तर नोंदी. तापमान हलतं. दाब हलतो. ऑक्सिजन २०.९. तात्यांची पानंही पाहिली: आधी सुरेख अक्षर, मग ओळी उताराला लागलेल्या, शेवटच्या पानांवर अक्षर म्हणजे नुसती मुंग्यांची रांग. आकडा तोच.

तबकडीसमोर तोंड नेऊन मिनिटभर उच्छ्वास सोडत बसले. काटा जागचा हलला नाही. ती ह्या खोलीतली हवा मोजतच नाही.

मग कुठली मोजते?

लगेच वाटलं, हे माझ्या दुखऱ्या डोक्यातून येतंय. तबकडी बिघडली असेल, दादाला ठाऊक नसेल. त्याच्यावर संशय घेणं म्हणजे ज्या ताटात जेवले त्यातच थुंकणं. आधी चौकशी करावी, मग बोलावं.

४ मार्च, दुपार

तात्यांकडे जाऊन आले. बाजारामागच्या गल्लीत, तळमजल्यावर राहतात. साठीचेही नाहीत. खुर्चीत बसले होते, बायको भरवत होती. माझ्याकडे पाहून हसले, छान हसले, पण ते हसू कोणालाही दिलं असतं. उजव्या हाताचं बोट टेबलावर फिरत होतं, पुन्हा पुन्हा तेच. मी शेजारी बसून पाहिलं. दोन, शून्य, टिंब, नऊ.

काकू सांगत होत्या, तुमच्या दादांनी ह्यांना फार जीव लावला हो. रोज संध्याकाळी जिन्यापर्यंत येऊन विचारपूस. आत मात्र कधी आले नाहीत, साहेब माणूस. मग त्यांनी विचारलं की मी कुठे उतरले आहे. मी सांगितलं, तिथेच, वर. त्यांच्या हातातला चमचा थांबला. राहता? आमचे हे संध्याकाळी घरी तरी यायचे. सकाळी उठले की चांगले असायचे, मला म्हणायचे, वर काहीतरी आहे, वर गेलं की मी मी राहत नाही. मी म्हणायची, कामचुकारपणा करू नका.

त्या रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. बाहेरच्या हवेत डोकं इतकं स्वच्छ झालं होतं की सगळं ओळीने दिसत होतं. तात्या रोज घरी जायचे, रोज शुद्धीवर यायचे, रोज प्रश्न विचारायचे. म्हणून पुढच्या माणसाला घर दिलं गेलं. किल्लीसकट.

नाही, हे सिद्ध झालेलं नाही. पुराव्याशिवाय मी भावावर आरोप करणार नाही. वर जाते, तबकडीची नळी शोधते. दहा मिनिटांचं काम. नायट्रोजनला वास नाही, चव नाही. त्यात गुदमरल्यासारखंही वाटत नाही. शरीर तक्रार करतं ती आत कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडची, ऑक्सिजन कमी झाल्याची नाही. उलट माणूस खुशीत येतो. हे मीच बावीस वर्षं फळ्यावर लिहिलं. दहा मिनिटांहून जास्त थांबायचं नाही.

४ मार्च, संध्याकाळ

नळी सापडली. तबकडीच्या मागून निघून कपाटाआडून खिडकीच्या चौकटीतून बाहेर जाते. बाहेरची हवा मोजते. भोकाभोवती चिकटपट्टी, तिच्यावर लिहिलंय: ओढू नये. अक्षर दादाचं. माझ्या पहिलीच्या पाटीपासून ओळखते ते.

ओढली. टोक खोलीत घेतलं. काटा उतरत गेला. १५.८.

दादाला फोन केला. लगेच आला. आत ये म्हटलं. आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा. मी आकडा वाचून दाखवला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याने आश्चर्य तरी दाखवावं, एवढीच माझी अपेक्षा होती. तो थकल्यासारखा दिसला, बस्स.

त्याने सगळं सांगितलं, शांतपणे. कोठाराच्या छताला, म्हणजे माझ्या जमिनीला, दोन वर्षांपूर्वी तडा गेला. बुजवायचा तर कोठार रिकामं करायचं, म्हणजे चार महिने काम बंद, साठ घरांच्या चुली बंद. तपासणी झाली की उन्हाळ्यात करणारच होतो. तुला इतका त्रास होईल असं वाटलं नव्हतं, अंगाने धट्टीकट्टी तू.

मी विचारलं, मीच का?

म्हणाला, येणारा तपासनीस तुझा विद्यार्थी आहे. तुझ्या सहीचा कागद तो दुसऱ्यांदा वाचणार नाही. आख्ख्या जगात एक सही अशी आहे जिच्यावर कोणी शंका घेत नाही.

म्हणजे माझ्या हातून खोटं लिहवून घेण्यासाठी मला खरं ठेवलं.

मग विचारलं, आईला का येऊ दिलं नाहीस? एकही रविवार?

तो बुटांकडे बघत राहिला. तिचं हृदय नाजूक आहे, म्हणाला.

ह्यावर विचारण्यासारखा एक प्रश्न होता. मी विचारला नाही. उत्तर ऐकवलं नसतं.

शेवटी त्याचे डोळे भरले. चुकलं माझं, म्हणाला. तू खाली चल. गाडी पाठवतो, रात्री आमच्याकडे राहा, उद्या मीच तपासनीसाला कळवतो. घाई करू नकोस, सामान नीट बांध, बस जरा. माझा तो मोठा भाऊ. मी हो म्हटलं.

काच फोडावी असं मनात आलं. पण ओली हवा तड्यातून खाली गेली तर वड्या तापतील, आणि खाली बाराजण काम करताहेत. त्यांनी माझं काय वाईट केलंय?

जिन्यात बसून वाट पाहणार होते. पण सहाची नोंद माझी आहे. खरा आकडा लिहूनच उतरेन. बॅग भरली. सहाला अजून वीस मिनिटं. तोवर हे लिहिते आहे. गाडी येईलच.

६ मार्च

पलंगाजवळ भरलेली बॅग आहे. कोणी भरली? वर माझाच टॉवेल. कुठे जायचं होतं —

मागची पानं वाचली. अक्षर माझं. वाचता वाचता अर्धं आठवलं. अर्धं कोणा दुसऱ्या बाईचं वाटतं.

गाडी आली नाही. की आली होती? दादा म्हणाला होता बस जरा. मी बसले. बसल्यावर काय होतं, ते त्याला माहीत होतं.

रजिस्टर. चार तारीख, सहा वाजता: २०.९. सही माझी. पाच तारीख, तिन्ही वेळा: २०.९. सही माझी. मी लिहिलं हे? खरा आकडा लिहायला थांबले होते ना मी?

नळी पुन्हा खिडकीबाहेर. चिकटपट्टी नवी. ओढू नये.

ओढली. १४.२.

७ मार्च

आज फार बरं वाटतंय. उगाच काय काय लिहून ठेवलंय मागे! दादाबद्दल असं लिहिणं शोभतं का? जिन्यात जेवणाचा डबा ठेवलेला. माझ्या आवडीचं. त्याला आठवतं.

ऊन छान पडलंय. पवनचक्क्या मोजल्या, बावीस. पुन्हा मोजल्या, नऊ. हसू आवरेना.

आईला फोन केला. म्हटलं, किती दिवस दादाची वाट बघणार, तू आपली रिक्षा करून ये, त्याला सांगूच नको, गंमत करू. आई खूश. दहा तारखेला येते म्हणाली. दुपारपर्यंत लोळणार आहे. नवा अभ्रा —

८ मार्च

आईला बोलावलं?

मी? इथे?

फोन सापडत नाही. पलंगाखाली नाही. बॅगेत नाही. ओट्यावर होता — दादा काल आला होता का — की मीच कुठे —

उतरायचं. आत्ता. बॅग नको, रजिस्टर नको.

८ मार्च, नंतर

दारापर्यंत गेले. हात कडीवर होता. कशासाठी गेले ते आठवेना. वाचायला परत आले.

आई. हां. जाते.

पुन्हा दारापर्यंत — पुन्हा परत. ह्या वहीसाठी. हिच्याशिवाय कळत नाही काय करायचंय, आणि ही आत आहे.

हातावर लिहिलं. आईला थांबव.

९ मार्च

खालून सुं सुं येतंय. तपासणी म्हणून कोठार गच्च भरताहेत. कोरडी हवा. जमिनीतून, पायाला गार.

१२ आणि काहीतरी. नीट दिसत नाही.

हातावर लिहिलंय आईला थांबव. कुठे जायला निघालीय आई? तिला का थांबवायचं, येऊ दे की —

नाही. नाही. मागचं पान. वाच.

पाय उचलत नाहीत. सरपटत दारापर्यंत गेले. कडी काढली. एवढं केलं. वही बरोबर घेतली ह्या वेळी. शहाणी. इथेच टेकते जरा. उंबऱ्याशी. दार वाऱ्याने — वारा कुठला — मीच लोटलं पाठीने. लागलं पुन्हा.

दादाने मला अकरा वर्षांची असताना सायकल शिकवली. धरलंय म्हणाला. सोडलं होतं. मागे बघितलं तर लांब उभा, हसत. तेव्हा पण मी म्हटलं होतं, चालायचं, पडले नाही ना.

१० मार्च

उजेड. आज काय आहे — हातावर पुसट.

खाली रिक्षा थांबली.

काठी वाजतेय. पायरी. थांबते. पायरी. दम खाते. कठडा कुठे बसवलाय, म्हणतेय स्वतःशीच, थापाड्या मेला.

दादा ओरडतोय. अंगणातून. आई, वर जाऊ नकोस. आई, थांब. पळतोय. बूट आपटताहेत. इतक्या मोठ्याने दादा — माझ्यासाठी एकदाही —

ओरडले मी पण. आवाज निघाला तो हसल्यासारखा. आई म्हणते, आले गं आले, खिदळतेस काय, तो गाढव खालून बोंबलतोय त्याच्याकडे लक्ष नको देऊस —

पाठ दाराला लावली. उघडू द्यायचं नाही. मी जड आहे. धट्टीकट्टी. तिच्याने ढकलणार नाही.

ढकलतेय. बाळ, दार का गं अडकलंय, म्हणते.

आई खाली जा असं म्हणायचंय — तोंडात शब्द — लिहून दाराखालून सरकवते. पान फाडायचं. आधी लिहायचं, मोठ्या अक्षरात, नीट, तिचा चष्मा

आई, आत येऊ न